पीकबदल आणि शेजारधर्म

आमच्या गावच्या उपासनामंदिरात कापणीच्या सणाला वेदीपुढे जे मेज मांडले जाई, ते आम्हां मुलांना फार मोठे वाटे. नेवासे तालुक्यातील ते एक कोरडवाहू गाव. मेजावर जोंधळ्याची आणि बाजरीची कणसे असत, तुरीच्या शेंगा असत, हुलगा, मटकी, करडई, अंबाडीची जुडी, तांबडा भोपळा, एखादी पाय बांधलेली कोंबडी आणि सुपात अंडी. उपासना आटोपली की पाळकसाहेब आवारात त्याच वस्तूंचा लिलाव पुकारीत आणि भोपळ्याची किंमत भोपळ्याहून कितीतरी वर चढे. पुढे कालव्याचे पाणी आले. पाण्यामागून ऊस आला. मग त्याच मेजाशेजारी भिंतीला टेकून पाच-सहा उसांची मोळी उभी राहू लागली आणि मेजावर पाकिटे दिसू लागली. पाकिटांतली रक्कम जुन्या लिलावाहून अधिक असे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. गरिबीला सजवून तिचे गोडवे गाणे हा निवृत्त शिक्षकांचा एक नेहमीचा दोष आहे. त्यात मी पडू इच्छीत नाही.

असे असूनही २०१६ साली मी धाकट्या भावाला उपदेश केला. ऊस पाणी पितो, जमीन चोपण होते, एकाच पिकावर संसार टांगणे शहाणपणाचे नव्हे, दोन एकरांतला ऊस मोडून तूर कर, असे मी त्याला सांगितले. त्या वर्षी डाळींचे भाव कडाडलेले होते, वरपासून खालपर्यंत सर्वजण शेतकऱ्याला कडधान्ये पेरा म्हणत होते. मी वर्तमानपत्रे वाचणारा मनुष्य; माझ्या बोलण्याला भावाने मान दिला. पाऊस चांगला झाला, तूर उदंड पिकली. साऱ्या महाराष्ट्रातच उदंड पिकली. हमीभाव बोनससह क्विंटलला ५०५० रुपये होता, पण खुल्या बाजारात भाव त्याच्या पुष्कळ खाली गेला आणि खरेदी केंद्रांवर पोत्यांच्या थप्प्या लागल्या. कुठे बारदान नाही, कुठे गोदामात जागा नाही. एप्रिल २०१७ मध्ये खरेदी थांबली तेव्हा हजारो शेतकऱ्यांची तूर केंद्रांच्या आवारात पडून होती. माझा भाऊ एका केंद्रावर ट्रॉलीखाली चार रात्री निजला आणि शेवटी निम्मा माल व्यापाऱ्याला देऊन घरी आला. तो मला एका शब्दानेही बोलला नाही. पुढच्या हंगामात त्याने पुन्हा ऊस लावला.

दुसऱ्याने आपल्या पोटापाण्याचा मार्ग बदलावा असे सांगण्याचा नैतिक अधिकार कोणाला आणि कोणत्या अटीवर पोहोचतो, हा प्रश्न त्या चार रात्रींनी माझ्यापुढे ठेवला. त्याचे उत्तर शोधण्याच्या दृष्टीने काही मिळाले ते घरापासून फार दूर, चंडीमंदिर येथे.

मुलाची बदली तेथील छावणीत झाल्यामुळे दोन हिवाळे मी तेथे काढले. ज्या चंडीदेवीच्या देवळावरून चंडीगढ शहराला नाव मिळाले, ते देऊळ याच परिसरात. १९८५ साली सैन्याच्या पश्चिम विभागाचे मुख्यालय सिमल्याहून येथे आले. पाठीशी शिवालिकच्या ठिसूळ टेकड्या, पायथ्याशी घग्गर नदी. सकाळी फिरायला निघावे तर छावणीच्या हद्दीपलीकडे, अंबाल्याच्या दिशेने जसजसे जावे तसतसा गहू आणि गहूच. दृश्य सुंदर खरे, पण आमच्याकडल्या शेताला सवयलेल्या डोळ्यांना त्यात काहीतरी चुकल्यासारखे वाटे. बांधावर तूर नाही, मध्ये भुईमूग नाही. पावसाळ्यात याच जमिनीत भात उभा असतो, असे कळले. ज्या प्रदेशात भात हे कधी मुख्य अन्न नव्हते, तेथे खोल विहिरींतून उपसलेल्या पाण्यावर तो पिकतो आणि सरकारी कोठारांत जातो.

हा क्रम शेतकऱ्याने हट्टाने निवडलेला नाही. १९६० नंतरच्या दशकात देशाला अन्न हवे होते. बुटक्या गव्हाचे बियाणे आले. १९६५ साली अन्न महामंडळ आणि कृषी मूल्य आयोग स्थापन झाले. धान्य पिकवा, आम्ही ठरल्या भावाने घेऊ, असे राष्ट्राने पंजाब-हरियाणाला वचन दिले आणि ते पाळले. आजही बावीस पिकांना हमीभाव जाहीर होतो, पण या भागात मंडीत ट्रॉली रिकामी करून निश्चिंत मनाने घरी जाता येते ते मुख्यतः गहू आणि भात घालूनच. वीज एक तर फुकट, जशी पंजाबात १९९७ पासून, नाहीतर अत्यंत स्वस्त. पेरणी-कापणीची यंत्रे याच दोन पिकांची. अडत्या उसने देतो तो याच पिकांच्या भरवशावर. हे चालणार नाही, असा इशारा देण्यात उशीर झाला असेही नाही. सरदारा सिंग जोहल यांच्या समितीने १९८६ सालीच सांगितले होते की, पंजाबात गहू-भाताखालील निदान २० टक्के जमीन इतर पिकांकडे वळवावी. त्याला चार दशके होत आली, आणि भाताचे क्षेत्र मात्र वाढतच गेले.

पाणी खोल गेले तेव्हा २००९ साली दोन्ही राज्यांनी कायदे केले आणि भातलावणी लवकर करण्यास बंदी घातली. त्यामुळे उन्हाळ्यातला उपसा कमी झाला. पण लावणी पुढे गेल्याने कापणीही पुढे गेली, गव्हाच्या पेरणीला दिवस थोडे उरले, आणि भाताचे पाचट जाळण्याची घाई वाढली. त्या धुराने दिल्लीकरांचे डोळे चुरचुरू लागले तेव्हा सर्वांनी शेतकऱ्याकडे बोट दाखविले. एका ठिकाणचा कायदा दुसऱ्या ठिकाणी कसा पाप होऊन उगवतो, याचे हे उदाहरण धर्मशास्त्राच्या वर्गात शिकविण्याजोगे आहे.

एके दिवशी रायपूर रानीच्या वाटेवर एका वृद्ध शेतकऱ्याशी गाठ पडली. माझ्या मोडक्या हिंदीला हसून त्याने मला खाटेवर बसविले. मी माझा जुना उपदेश नव्या शब्दांत सुरू केला. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि उलट विचारले की, मास्तरजींना पेन्शन दरमहा ठरलेल्या तारखेला मिळते की पाऊस पाहून? मी निरुत्तर झालो. मग तोच समजावून सांगू लागला. त्याने एका वर्षी दोन बिघ्यांत हरभरा पेरला होता. भोवती सगळा गहू. नीलगायींनी आणि पाखरांनी सारी पंचक्रोशी सोडून नेमके तेच दोन बिघे शोधून काढले. पावसाळ्यात मूग करून पाहिला, तर शेजारच्या भातखाचरांचे पाणी झिरपून मूग कुजला. हरभरा विकायला नेला तर लिलावाला दोनच व्यापारी. शेवटी त्याने गहू-भात धरला. त्यात फार मिळते असे नव्हे, पण काय मिळणार ते कळते, असे तो म्हणाला.

मला वाटते, शहरात बसून बोलणाऱ्यांच्या ध्यानी न येणारी गोष्ट या कथेत आहे. आपण समजतो, पीक बदलणे हा एका माणसाच्या बुद्धीचा आणि धैर्याचा प्रश्न आहे. वास्तविक एकट्याने बदललेले पीक एकटेच मरते. पाखरे, पाणी, फवारणीचे वाऱ्यावर येणारे औषध, व्यापारी, मजूर, यंत्र, या सर्वांचा हिशेब गावागणिक होतो. जमीन खंडाने कसणाऱ्याची गोष्ट तर आणखी बिकट. तोंडी करारावर वर्षाच्या बोलीने जमीन घेतलेला मनुष्य फळझाड कशाला लावील? आणि लावू म्हटले तर झाडामुळे कुळाचा हक्क लागेल या भीतीने मालक लावू देत नाही. भाजीपाला करावा तर निंदणी-खुरपणीचा, तोडणीचा भार घरातल्या बायकांवर पडतो. बैठकीतील चर्चेत तो कोणी मोजीत नाही. पीककर्ज आणि विमासुद्धा ठरावीक पिकांच्या मापाने शिवलेले असतात.

अज्ञान हे कारण मात्र क्वचितच खरे असते. यशयाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात नांगरणाऱ्याचे जे वर्णन आहे ते वाचकांनी पुन्हा पाहावे. तो सदासर्वकाळ नुसती नांगरटच करीत बसत नाही; जिरे वेगळे फोकतो, गहू ओळीने पेरतो, जवाला त्याची जागा देतो, आणि बांधालगत आणखी एक हलके धान्य घालतो. हे तारतम्य त्याला देवाने शिकविले, असे संदेष्टा म्हणतो. (एका शेतात दोन जातींचे बी पेरू नये हा लेवीयातील नियम पुढे करून एका सद्गृहस्थांनी माझ्याशी वाद घातला होता. तो नियम पावित्र्याच्या विधीतला आहे, आणि यशयाचा शेतकरी प्रत्येक बियाला स्वतंत्र जागा देतोच. तेव्हा बाजरीतल्या तुरीने कोणाचा आत्मा धोक्यात येतो असे मला वाटत नाही.) आमच्या आजोबांची पाभरही हेच जाणत होती. पाऊस लवकर गेला तर मटकी हाती लागे, उशिरा आला तर तूर. तो त्यांचा विमा होता आणि त्याचा हप्ता कष्टात भरला जाई.

चंडीमंदिराहून पिंजोरकडे गेले की टेकड्यांच्या कुशीत सुखोमाजरी नावाचे छोटेसे गाव लागते. या गावाची कथा काहीशी विस्ताराने सांगितली पाहिजे.

चंडीगढ वसविताना १९५८ साली सुखना नावाचा तलाव बांधला गेला. नौकाविहार, सायंकाळचे फिरणे, शहराची शोभा. पण तलाव झपाट्याने गाळाने भरू लागला, इतका की पंधरा-सोळा वर्षांत त्याची निम्म्याहून अधिक साठवण गेली. गाळ येतो कोठून याचा शोध घेता घेता मृदसंधारण केंद्राचे शास्त्रज्ञ पी. आर. मिश्र वरच्या टेकड्यांपर्यंत पोहोचले. तेथे सुखोमाजरीचे गुजर लोक शेळ्या आणि गुरे चारीत. डोंगर उघडेबोडके होते. पावसाच्या भरवशावरील शेती मक्याची-गव्हाची, ती वर्षाला पुरत नसे. गाव शेळ्यांवर जगत होते आणि शेळ्या डोंगर खात होत्या.

शहराच्या दृष्टीने उत्तर सोपे होते: चराई बंद करा. पण कोणासाठी? ज्या तलावात सुखोमाजरीचे पोर कधी नावेत बसणार नव्हते, त्या तलावासाठी त्याच्या बापाने शेळ्या विकायच्या. आरंभी ओघळींत बांध घातले, झाडे लावली, चर खणले. ते सारे चराईत गेले. लोक ऐकत ना. १९७६ साली मातीचा पहिला लहान बंधारा झाला आणि त्यात साठलेले पाणी खालच्या शेतांना मिळाले, तेव्हा पीक दुणावते हे सर्वांनी पाहिले. मात्र पाणी मिळाले ते ज्यांची जमीन पाण्याच्या वाटेवर होती त्यांनाच. बाकीच्यांनी, विशेषतः भूमिहीनांनी, डोंगरावर जनावरे घालणे का थांबवावे? त्यांचा प्रश्न रास्त होता.

तो प्रश्न रास्त आहे हे मिश्र यांनी आणि गावाने मान्य केले, यातच या कथेचे मर्म आहे. ठरले असे की, पाण्यात प्रत्येक कुटुंबाचा सारखा वाटा, मग त्याला जमीन असो वा नसो. भूमिहीनाने आपला वाटा विकावा किंवा त्याच्या बळावर दुसऱ्याची शेती वाट्याने करावी. गावाची एक संस्था झाली. तिने पाण्याची पट्टी गोळा केली आणि चराईबंदी स्वतः पाळली. कुंपण घालावे लागले नाही, राखणदारही ठेवावा लागला नाही. १९८५ पर्यंत आणखी बंधारे झाले. टेकड्यांवर भाबर गवत माजले, ज्याचे दोर वळतात आणि कागद होतो. पूर्वी वनखाते ते ठेकेदाराला देई, पुढे ते गावाच्या संस्थेला मिळू लागले. शेळ्या घटल्या, गोठ्यात बांधून चारलेल्या म्हशी वाढल्या, दूध वाढले, गव्हा-मक्याचे उत्पन्न वाढले. शेती, गवत, दूध, झाडे असा चार पायांचा संसार उभा राहिला. आणि शहराच्या तलावात त्या बाजूने येणारा गाळही कमी झाला.

ही गोष्ट येथेच संपवली तर ती रविवारच्या शाळेतली होईल. पुढील काळात बंधाऱ्यांतही गाळ साचला, गवताच्या उत्पन्नातील वाट्यावरून वनखात्याशी मतभेद झाले, पाणीवाटपातील समता पहिल्यासारखी राहिली नाही. मी गेलो तेव्हा गाव एका सामान्य गावासारखेच दिसले. तरी जे घडले ते घडले, आणि ते का घडले याचे कारण खोटे ठरत नाही.

आपल्या पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातील नायगावी साधारण त्याच काळात अशीच एक गोष्ट घडली, हे जुन्या वाचकांना स्मरत असेल. १९७२ च्या दुष्काळाने अस्वस्थ झालेले अभियंते विलासराव साळुंखे यांनी तेथे देवस्थानाची ४० एकर जमीन कराराने घेऊन पाणी अडविण्याचे प्रयोग केले आणि त्यांतून पाणी पंचायत निघाली. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणशी द्यायचे; डोई अर्धा एकर भिजेल एवढे आणि कुटुंबाला फार तर अडीच एकरांचे. भूमिहीनालाही हक्क. आणि ऊस कोणीही लावायचा नाही. उसाचा मोह सोडा असे तेथे सांगता आले, कारण सोडणारे सगळे होते आणि सोडल्याच्या बदल्यात मिळणारे पाणी सर्वांचे होते. मी भावाला तेच सांगितले, पण त्याला एकट्याला सांगितले आणि बदल्यात काहीच दिले नाही.

येथे एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. शेतकरी हा काय अजाण बालक आहे? त्याच्या विहिरीचा तळ त्यालाच दिसतो. नातवाच्या वाट्याचे पाणी आज उपसणे हे पाप नव्हे काय? मी म्हणतो, आहे. आणि चाळीस-पन्नास एकरांचा धनी, ज्याला दोन वर्षांचे नुकसान सहज सोसता येते, तो दोन एकरवाल्याच्या भीतीआड लपून भातच लावीत राहतो, तेव्हा त्याला क्षमा करण्याची घाई मला नाही. पण ज्याच्या घरी एका फसलेल्या हंगामानंतर मुलीची शाळा सुटते, त्याच्यापाशी आपण जो सद्गुण मागतो, त्याची किंमत आपण स्वतः कधी मोजलेली नसते. असा सद्गुण मागणे हे एक प्रकारे दुसऱ्याच्या खिशातून दानपेटीत पैसे टाकणे होय.

लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायात सातव्या वर्षी जमिनीला विसावा देण्याची आज्ञा आहे. त्या आज्ञेसोबत तेथेच लोकांचा प्रश्नही नमूद आहे: पेरले नाही तर सातव्या वर्षी आम्ही खावे काय? हा प्रश्न अविश्वासाचा म्हणून झिडकारलेला नाही. त्याला उत्तर दिले आहे, आणि ते उत्तर धान्याचे आहे: सहाव्या वर्षी तीन वर्षे पुरेल इतके पीक येईल. आज्ञा करणाऱ्याने पोटाची हमी आधी आपल्या अंगावर घेतली. आपल्या आज्ञा, आपली धोरणे आणि माझ्यासारख्यांचे उपदेश या मापाने मोजले तर बरेच हलके भरतात.

सगळेच हलके भरतात असे मात्र नाही. १९९० साली महाराष्ट्राने रोजगार हमी योजनेतून फळबागा लावण्याची योजना काढली. शेतकऱ्याने स्वतःच्या जमिनीत खड्डा खणला, आंबा, काजू, बोर, डाळिंब लावले, तर त्या कामाची मजुरी आणि रोपांचा खर्च सरकारने तीन वर्षे दिला. झाड फळ देईपर्यंत पोट थांबत नाही, हे त्या योजनेने ओळखले होते. कोकणापासून सोलापूरपर्यंत अनेक माळ त्यामुळे हिरवे झाले. हरियाणाने भाजीपाल्याचा भाव पडला तर फरक भरून देण्याची योजना आणली, आणि २०२० साली भात सोडणाऱ्याला एकरी ७००० रुपये देऊ केले. हे योग्यच. पण एका वर्षाचे अनुदान आणि पुढच्या वर्षीची निश्चिती यांत फरक आहे, आणि शेतकऱ्याची स्मरणशक्ती धोरणकर्त्यांहून लांब असते. २०१७ ची तूर तो विसरलेला नाही. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात एकाएकी बंद झाली आणि मे २०२४ पर्यंत बंद राहिली, हेही कांदा करणारे विसरणार नाहीत.

आपल्या मंडळ्यांविषयी दोन शब्द लिहिल्याशिवाय लेखणी ठेववत नाही. नांगराशी आपले नाते जुने आहे. सॅम हिगिनबॉटम या मिशनऱ्याने १९१० साली अलाहाबादेस कृषी संस्था काढली. नगर जिल्ह्यात स्वित्झर्लंडहून आलेले येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी पाणलोटाच्या कामासाठी आयुष्य वेचले. आमच्याकडची खेडी त्यांना बाखरबाबा म्हणत. गावाने आधी श्रमदान करावे आणि चराईबंदी पाळावी ही त्यांची अट असे, आणि ती ऐकली जाई, कारण ते नुसते सांगून निघून जात नसत. आज आपल्याकडे वसतिगृहे आहेत, शाळा आहेत, रुग्णालयांची स्वयंपाकघरे आहेत. त्यांना लागणारी डाळ आणि बाजरी वर्षभर कोठून येते? ठोक बाजारातून, जो स्वस्त देईल त्याच्याकडून. पेरणीपूर्वी शेजारच्या चार गावांना अमुक पोती अमुक भावाने घेऊ असे लिहून देणारी आपली संस्था मी तरी अजून पाहिलेली नाही. भाव पडला तर तोटा संस्थेला होईल, हे खरे. तो आज कोणाला होतो?

गेल्या ज्येष्ठात भावाचा दूरध्वनी आला. विहिरीला पाणी कमी आहे, उसाचा खोडवा या वर्षी ठेवीत नाही, असे तो म्हणाला. मग थोडा वेळ थांबून त्याने विचारले, "दादा, पेरू काय?"

मी लगेच उत्तर दिले नाही. रात्री पत्नीबरोबर बसून हिशेब केला. आमच्या घरचे, मुलाच्या घरचे, उपासनामंदिरातील आणखी सहा-सात कुटुंबांचे, ज्यांना मी दुसऱ्या दिवशी जाऊन विचारले. दोन घरांनी नकार दिला, तो त्यांचा अधिकार होता. एकंदर नऊ क्विंटलांची जुळणी झाली. त्यांपैकी तीन मी माझ्या नावावर घेतले, जे आम्हा दोन म्हाताऱ्यांना कोणत्याही हिशेबाने संपणारे नाहीत.

भावाला कळविले की, एक एकर तूर कर, मध्ये बाजरी घाल. तुरीचा भाव आज ठरवू आणि पैसे संक्रांतीला देऊ, बाजार काही का असेना. तो म्हणाला, "एकच एकर?" मी म्हटले, सध्या तरी आम्हाला तेवढेच पेलते.